तांबडा ठिपका

रंग चुकला की मार, हे मी अक्षरओळखीच्याही आधी शिकलो. माझा बाप येवल्यात रेशीम रंगवायचा. पैठणीच्या मागांना लागणारी लड आमच्या चुलीवरच्या हंड्यातून निघे. बाप म्हणाला "किरमिजी आण" आणि मी कुसुंबी नेली, की हंड्यातून काढलेली ओली, वाफाळती लड तशीच माझ्या पाठीवर बसे. रेशीम मऊ असतं, हे पैठणी नेसणाऱ्या बायकांनी सांगावं. ओल्या रेशमाचा फटका ज्यानं खाल्ला त्याला विचारा. कातडी आधी बधिर होते आणि मग पेटते. रात्री आई तेल लावताना वळावर उतरलेला रंग बघायची आणि म्हणायची, "आज डाळिंबी दिसतोय."

आमच्या घरात नुसतं 'तांबडा' म्हणणं म्हणजे शिवी होती. "तांबडा कोणता? बोल! कुंकवाचा, विटेचा, का गाईचा?" उत्तर येईपर्यंत लड हवेतच असे. बापाला मी दोष देत नाही. एक लड चुकली तर विणकराचं अख्खं लुगडं जाई, आणि विणकर येऊन बापाची गचांडी धरी. वरून आलेला मार तो खाली पोचता करी, एवढंच.

त्या घरातून मी पुण्याला जाऊन, बोर्डिंगात राहून, पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात मराठी चौथीपुढे कुणी गेलेलं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतो. ज्यांच्या घरी आजोबाही पदवीधर होते त्यांनी नम्र राहावं, त्यांना ते परवडतं. मला माझी पदवी कुणी ताटात वाढलेली नव्हती.

पण छत्तीस-सदतीस सालात पदवीला विचारतो कोण? शेवटी नाशकात भद्रकालीच्या बाजूला एका रेडिओच्या दुकानात जागा मिळाली. मालक पहिल्या महायुद्धात पलटणीत तारायंत्रावर होते, बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले. तिथून ते दोन गोष्टी घेऊन आले होते: तपकिरीची चांदीची डबी आणि हात उगारायची सवय. टेबलावर शिसवी रूळ कायम असे. त्यानं ते रेघा कधी मारत नसत.

दुकानात दुसरा माणूस म्हणजे कारागीर. चांदवडकडचा शेतकरी गडी, चाळिशीच्या आतबाहेरचा. आग्रा रोडवरच्या मोटारीच्या गॅरेजात कथलानं तारा सांधायला, म्हणजे डाग द्यायला शिकलेला. तापल्या डागणीवर कथलाची काडी तो अशी टेकवायचा की केसाएवढ्या तारेवर मोहरीएवढा थेंब बसे, चमकदार आणि गोल. घरी बायको, म्हातारी आई आणि तीन पोरी. सगळं घर त्या उजव्या हातावर. हे मालकांनाही ठाऊक होतं, म्हणून ते त्याला फक्त डाव्या हातावर मारायचे. "उजवा नासला तर काम काय तुझा बाप करील?" असं म्हणत रूळ डाव्या बोटांच्या पेरांवर उतरवायचे. त्याच्या डाव्या हाताची पेरं लाकडासारखी कठीण झाली होती.

"बीएस्सी," तो मला म्हणायचा, "डावा हात काय रं, तो मालकाचा. उजवा माझा."

मला घेतलं होतं ते रंग वाचायला. रेडिओच्या पोटात विजेला अडवणाऱ्या लहान कांड्या असतात, इंग्रजीत रेझिस्टन्स. आमच्याकडे येवल्यात कांडी म्हणजे सूत भरायची, पण इथंही मी कांडीच म्हणू लागलो आणि तो शब्द दुकानात रुळला. आता या कांड्यांवर पट्टे असतात. तेव्हा पट्टे नव्हते. कांडीचं सगळं अंग एका रंगाचं, एक टोक दुसऱ्या रंगाचं आणि पोटावर तिसऱ्या रंगाचा ठिपका. अंग म्हणजे पहिला आकडा. टोक म्हणजे दुसरा. ठिपका सांगे, पुढं शून्यं किती मांडायची. काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, असं पांढऱ्याच्या नवापर्यंत. हिरवं अंग, काळं टोक, लाल ठिपका: पाच, शून्य, आणि पुढं दोन शून्यं. म्हणजे पाच हजार. तोच ठिपका तपकिरी असला तर एकच शून्य, पाचशे. वाट दहापट मोकळी. वीज मग चालत येत नाही, बैल उधळावा तशी येते.

मी आल्या आल्या इंग्रजी तक्त्यावरून एका काळ्या फळीवर खडूनं मराठीत हे सगळं उतरवलं आणि कारागिराच्या डोळ्यांसमोर टांगलं. त्यानं ते आठवड्यात पाठ केलं. मालकांची पद्धत पलटणीतली. ते स्वतः उघड्या रेडिओत डोकं घालून ओरडायचे, "अंग पिवळं! टोक जांभळं! ठिपका नारिंगी!" आणि कारागीर खणातून तशी कांडी काढून, "हाय!" म्हणून लावायचा. छान चाललं होतं.

मग मालक एका व्याख्यानाला जाऊन आले. शुद्ध मराठीची तेव्हा हवा होती. सकाळी आल्याबरोबर त्यांनी फळीवरचा 'लाल' हा शब्द तळहातानं पुसला आणि तिथं 'तांबडा' लिहिला.

"लाल मुसलमानी शब्द आहे," ते म्हणाले. "आमच्या दुकानात चालणार नाही."

मी म्हणालो, "मालक, दुकान फारसीच आहे. आणि 'मालक' हा अरबी."

रूळ माझ्या बोटांवर बसला. रूळ हा शब्द इंग्रजी, हे मी तोंडातल्या तोंडात ठेवलं. पण एक गोष्ट मोठ्यानं म्हणालो, कारण पाठीवरचे वळ मला गप्प बसू देईनात. "तांबडा लिहू नका. तांबडा सगळ्यांचा एक नसतो. माझा बाप रंगारी आहे, मला माहीत आहे."

"तुझा बाप हंडे ढवळतो. मी राणीच्या नातवाच्या फौजेत संदेश पाठवलेत. मला मराठी शिकवतोस?" आणि दुसरा रूळ. कारागीर खाली मान घालून डागणीच्या शेगडीत फुंकणी फुंकत होता. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं, ते फक्त मला दिसलं.

त्यानंतर पंधरवड्यानं गोष्ट घडली. तोवर मालकांनी 'तांबडा' म्हटलं की कांडी मीच काढून देत होतो.

पेठ-सुरगाण्याच्या जंगलातलं लाकूड उचलणारा एक ठेकेदार होता. पंचवटीच्या अंगाला त्याची वखार. माणूस दांडगा, आणि तोडीवरच्या मजुरांना चाबकानं फोडतो अशी ख्याती. त्याचा मोठा विलायती रेडिओ बिघडला होता आणि संध्याकाळी मुलीची सुपारी फुटायची होती. व्याह्यांना मुंबईचं गाणं ऐकवायचं हे त्यानं गावभर सांगून ठेवलेलं. दुपारी त्याचा मुकादम बैलगाडी घेऊन दारात उभा राहिला. मला मालकांनी पार्सल आणायला नाशिक रोडला पाठवलं होतं. गल्लीत तारांचं काम चाललेलं, म्हणून वीज बंद. रेडिओ चालवून बघायची सोयच नव्हती. मालकांनी डोकं आत घातलं, ओरडले, कारागिरानं कांडी लावली, आणि रेडिओ गाडीत चढला. मी टांग्यातून उतरलो तेव्हा गाडी गल्लीच्या तोंडाशी वळत होती.

"चालवून पाहिला नाही?" मी विचारलं.

"तुझ्या सहीची वाट बघायला हवी होती का?" मालक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दुकानाच्या दाराच्या फळ्या काढत होतो तोच तीच गाडी परत आली. रेडिओ आत आला तो दारातून नव्हे, हवेतून. मुकादमानं तो उचलून आत फेकला. काच फुटली, लाकडी पेटी उसवली, आणि जळक्या मेणाचा वास सगळ्या दुकानात भरला. मागून ठेकेदार आला. त्याच्या उजव्या भुवईचे केस जळालेले होते.

"कुनी केलं हे?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

मुकादमानंच सगळं सांगितलं. पाहुणे बसले, रेडिओ लावला, वीज आली, आतून धूर. वर टाकलेला विणलेला रुमाल पेटला. ठेकेदार विझवायला वाकला तर भपका तोंडावर. व्याहीणबाई ओरडत बाहेर. "अपशकुन झाला म्हनली, अन् सुपारी न फोडताच गाड्या जुंपल्या."

मालकांनी एक क्षणही लावला नाही. त्यांनी कारागिराच्या पाठीत हात घालून त्याला पुढं ढकललं. "ह्यानं. मी तांबडा सांगितला, ह्यानं भलतंच लावलं."

"मी तांबडाच लावला," कारागीर म्हणाला.

रूळ त्याच्या कानशिलावर बसला. "मग जळला कसा? काढ. कोणती लावलीस, तसली खणातून काढून दाखव!"

कारागिरानं खण ओढला आणि कांडी काढून तळहातावर धरली. हिरवं अंग, काळं टोक. ठिपका तपकिरी.

मला तिथंच सगळं कळलं. मालकांनाही कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला, आणि मग त्यांनी तो पुन्हा चढवला. "बघा ठेकेदार! ह्याला आंधळ्याला तपकिरी आणि तांबडा कळत नाही!"

"कोनत्या हातानं लावलीस?" ठेकेदारानं विचारलं.

कारागिरानं उजवा हात पाठीमागं घेतला. मालक बोलले. "उजव्या."

वर्षानुवर्षं तो हात जपून मारणारा माणूस हे बोलला.

बाकाला लोखंडी शिकंजा बसवलेला होता, नळ्या-पत्रे धरायचा. मुकादमानं कारागिराचं मनगट पकडलं, बोटं त्या दोन लोखंडी जबड्यांत सारली, आणि ठेकेदारानं दांडा फिरवला. कारागीर पहिल्यांदा आईला हाका मारू लागला, मग नुसताच ओरडू लागला. एक आवाज झाला, हिरवी काडी मोडावी तसा. मी धावलो आणि ठेकेदाराच्या हाताला लोंबकळलो.

"त्याची चूक नाही! फळी बघा! फळी—"

मालकांचा रूळ माझ्या तोंडावर आला. सगळी ताकद लावून मारला होता. दात ओठातून बाहेर आला आणि मी भिंतीवर आदळलो. तोंड उघडलं तर हनुवटीवरून सदऱ्यावर धार.

"मध्ये पडू नकोस," मालक ओरडले. "शिकलेला आहेस ना, बाजूला बस!"

शिकलो होतो म्हणूनच उठलो. दारात ठेकेदाराची गाडी उभी होती. एक बैल पांढरा, एक त्या ठिपक्याच्या रंगाचा. मी बोट केलं. ओठ फाटल्यामुळं शब्द नीट निघेनात. "ठेकेदार. एकच विचारतो. मग दांडा फिरवा, वाटलं तर माझाही हात घाला. तुमचा तो बैल कोणत्या रंगाचा?"

ठेकेदार हसला. "डोक्यावर परिनाम झाला याच्या. बैल तांबडा हाय, शान्या. अन् तुझ्या तोंडातून गळतंय ते लाल. कळंना झालं व्हय?"

 कारागिराचं कण्हणं चालू होतं.

मी त्याच्या डाव्या हातातली कांडी घेतली. खणातून दुसरी काढली, लाल ठिपक्याची. दोन्ही बाकावर ठेवल्या. पहिल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा कोणता?"

ठेकेदार वाकला. "तांबडाच की. बैलावानी."

"आणि हा?"

"हा लाल."

मी बाकावर थुंकलो, त्या दुसऱ्या कांडीशेजारी. "मालकांना हा हवा होता. ह्याला ते तांबडा म्हणतात. लाल म्हणायला त्यांनी बंदी केली. फळीवर बघा, माझं अक्षर आणि मध्येच त्यांचं एक. तुमचा गडी, तुमचा गाडीवान, चांदवडचा कुणीही शेतकरी, मालकांनी तांबडा म्हटलं तर बैलाचाच ठिपका उचलेल. तुम्हीही उचलला असता."

ठेकेदारानं फळीकडं पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण पुसलेलं आणि वर लिहिलेलं न वाचताही दिसतं. तो मालकांकडं वळला.

"मास्तर," तो म्हणाला. "माझा बैल कंच्या रंगाचा?"

मालकांनी बैलाकडं पाहिलं. फळीकडं पाहिलं. त्या माणसाला चूक कबूल करून सुटायची अजूनही संधी होती. पण 'तांबडा' म्हणावं तर चूक त्याचीच ठरत होती. नाही म्हणावं तर दुसरा शब्द फळीवर एकच होता.

"तपकिरी," मालक म्हणाले.

मुकादम आधी हसला. मग गाडीवान. "तपकिरी बैल! आरं, डबीत मावंल का तो? शिंक आली तर बैल नाकातून यायचा!" बाहेर जमलेली गल्लीतली माणसंही हसली. ठेकेदार मात्र हसला नाही. त्यानं मालकांच्या हातातून रूळ काढून घेतला, लहान पोराच्या हातून काठी काढून घ्यावी तसा, आणि मारायला सुरुवात केली. खांद्यावर, कोपरावर, कानावर. दर फटक्याला विचारायचा, "बैल कंच्या रंगाचा?" मालक "तांबडा, तांबडा" म्हणत होते. तरी रूळ थांबत नव्हता. रूळ मोडला तेव्हाच थांबला.

मी शिकंजा उलटा फिरवून कारागिराचा हात सोडवला. मधली दोन बोटं जागेवर नव्हती. नखांखाली काळं साकळलेलं. तो हाताकडं बघत नव्हता. तो मालकांकडं बघत होता.

ठेकेदारानं मालकांना कॉलर धरून ओढत आणलं आणि त्यांचा उजवा हात त्याच जबड्यांत दिला. "तुझी पाळी," तो कारागिराला म्हणाला. "फिरव."

मालक रडत होते. "अरे, तुझी पोरं माझ्या पगारावर वाढली," असं काहीतरी म्हणत होते.

कारागिरानं डावा हात दांड्यावर ठेवला. तो मालकाचा हात. लाकूड झालेला. त्यानं एकच वेढा दिला, पुरता, सावकाश, डाग देताना देतो तसा बेतानं. मग दांडा सोडून माझ्याजवळ आला. मी त्याला अडवलं नाही. कुणी विचारलं तर आजही सांगेन, अडवणार नाही.

निघताना मी फळीवरचा 'तांबडा' बाहीनं पुसला. बाही ओली होती, खडू तिच्यावर गुलाबी झाला. 'लाल' लिहायचं राहून गेलं. हाडवैद्याकडं पोचायची घाई होती.

हाडवैद्यानं बोटं ओढली तेव्हा चार जणांनी कारागिराला धरलं होतं. एक बोट सुधारलं. मधलं तसंच राहिलं, वाकडं आणि मुकं. डागणी त्या हातात टिकेना. मग तो डाव्या हातानं डाग द्यायला शिकला. पहिले दोन-तीन महिने पार हात जाळून घेतले त्यानं, तारा जाळल्या, शिव्या दिल्या, एकदा माझ्या अंगावर तापलेली डागणी फेकली. ती लागली. अजून खूण आहे. पण मार खाऊन त्या हाताची कातडी अशी निबर झाली होती की चटक्याला तो दाद देईना, आणि पुढं तोच हात उजव्यापेक्षा स्थिर झाला.

आम्ही दोघांनी मिळून रविवार कारंज्याच्या पुढं एक खोली घेतली. फळी नव्हती, व्याख्यानं नव्हती. रंगांना नावं आम्ही आमची ठेवली. एकाचा ठिपका 'बैल', दोनाचा 'रगत'. मी आत बघून ओरडायचो, "अंग हिरवं, टोक काळं, ठिपका रगत!" आणि तो "हाय!" म्हणायचा. दारात उभं असलेलं गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरायचं. मग माझ्या पुढच्या दाताच्या जागेकडं आणि त्याच्या वाकड्या बोटाकडं बघायचं आणि पैसे बिनघासाघीस द्यायचं.

एकदा माझा बाप येवल्याहून आला. मुलगा बी.एस्सी. होऊन करतो तरी काय, ते बघायला. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला, रंगानं कायमची निळी झालेली बोटं गुडघ्यावर ठेवून. बराच वेळ ऐकत होता. बैल, रगत, बैल, रगत. मी मनात म्हणालो, आज बाप पहिल्यांदा शाबास म्हणेल.

त्यानं कांडी उचलली, उजेडात धरली, आणि त्याच्या आवाजात ती जुनी धार आली. माझी पाठ आपोआप ताठ झाली.

"रगत म्हनतोस," तो म्हणाला. "ओलं का वाळलेलं? बोल!"